मीठ कोणाचे, हुकूम कोणाचा?

देवस्थानांच्या कारभारात एक नियम पूर्वापार चालत आला आहे. नंदादीपासाठी म्हणून कोणी जमीन लावून दिली असेल, तर तिचे उत्पन्न नंदादीपाकडेच लागावे. महाप्रसादासाठी आलेले तांदूळ महाप्रसादातच शिजावेत. विश्वस्तांना पुष्कळदा अधिक निकडीचे काम समोर दिसत असते. सभामंडपाचे छप्पर गळत असते, अग्रशाळेची भिंत खचलेली असते. तरीसुद्धा दात्याचा संकल्प आपल्या मर्जीने फिरविण्याचा अधिकार त्यांस नाही. दाता हयात असेल तर त्यास विचारावे, नसेल तर महाजनांची सभा भरवावी, आणि मगच काय तो फेरफार करावा, अशी रीत आहे. या रीतीच्या मुळाशी केवळ हिशेबाची शिस्त नाही. दाता धनाबरोबर आपला एक शब्दही देवापुढे ठेवीत असतो आणि धन स्वीकारणारा तो शब्दही पत्करीत असतो, ही समजूत तिच्या मुळाशी आहे.

राज्याचे सैन्य हीही अशीच एक ठेव आहे, असे आम्ही मानतो. रयत आपल्या खळ्यावरील धान्यातून सारा देते, तो आपले घर, आपली पेरणी आणि आपले देऊळ सुरक्षित राहावे म्हणून. त्या साऱ्यावर पोसलेली पलटण कोणी भलत्याच कामासाठी, भलत्याच मुलखात, प्रसंगी समुद्रापलीकडेही नेली, तर त्यात संकल्पभंग झाला की नाही? झाला असेल तर दोष कोणाचा? नेणाऱ्याचा, नेऊ देणाऱ्याचा, की गेलेल्या शिपायाचा? परसत्तेच्या काळात हा प्रश्न आपल्या मुलखात अनेकदा उभा राहिला. त्याचा माग काढीत गेल्यास आपण बीदर जिल्ह्यातील भालकीस येऊन पोहोचतो.

भालकी आज कर्नाटकात आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. मराठी आणि कानडी तेथे आजही शेजारी शेजारी नांदतात. इ. स. १७५२ च्या नोव्हेंबर महिन्यात या भालकीस नानासाहेब पेशवे आणि हैदराबादचा सुभेदार सलाबतजंग यांच्यात तह झाला, व त्याअन्वये वऱ्हाडच्या पश्चिमेकडील तापी आणि गोदावरी यांच्या दरम्यानचा मुलूख मराठ्यांकडे आला. शालेय पुस्तकांत या तहाची नोंद फार तर एका ओळीची असते. परंतु त्या वेळी सलाबतजंगाच्या पाठीशी कोण उभे होते हे पाहिले, म्हणजे या तहाकडे निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते. त्याच्या पाठीशी फ्रेंच सेनानी बुसी, मराठी कागदपत्रांतील 'मुसा बुसी', उभा होता. १७५१ साली सलाबतजंग गादीवर आला तो बुसीच्या फौजेच्या बळावर, आणि टिकला तोही तिच्याच बळावर. त्याच वर्षी नोव्हेंबरात चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडीकाठी पेशव्यांच्या छावणीवर अकस्मात छापा पडला, तो याच कवायती फौजेचा.

अशी फौज फुकट मिळत नाही. १७५३ साली सलाबतजंगाने पूर्व किनाऱ्यावरील मुस्तफानगर, एलूर, राजमहेंद्री आणि श्रीकाकुळम हे चार सरकार फौजेच्या खर्चासाठी बुसीकडे लावून दिले. त्या भातशेतीच्या मुलखातील कुणब्याने भरलेला सारा दख्खनच्या सुभेदाराच्या रक्षणार्थ खर्च व्हावा, असा हा संकल्प होता. पण फौजेचा खरा धनी पाँडिचेरीस बसलेला होता. १७५८ साली तेथे आलेल्या लालीस इंग्रजांशी कर्नाटकात झुंजावयाचे होते. त्याने बुसीस बोलाविले आणि बुसी निघून गेला. सलाबतजंगाचे रक्षण ही फ्रेंचांच्या लेखी मोठ्या पटावरील एक सोंगटी होती. ती उचलून दुसऱ्या घरात ठेवण्यास त्यांस सलाबतजंगाची संमती लागली नाही.

पुढचे सारे लवकर घडले. १७५९ च्या एप्रिलात इंग्रजांनी मच्छलीपट्टण घेतले आणि मे महिन्यात सलाबतजंगाने त्यांच्याशीच करार केला. १७६० च्या आरंभी भालकीहून जवळच असलेल्या उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेस नमविले आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख घेतला. १७६२ साली निजामअलीने या आपल्या भावास पदच्युत करून बीदरच्या किल्ल्यात ठेवले. पुढील वर्षी तेथेच त्याचा अंत झाला. फौजेसाठी त्याने चार सरकार दिले होते; फौज मात्र त्याची कधीच झाली नव्हती.

येथे वाचक म्हणतील की, भाडोत्री शिपायाचे इमान असेच असावयाचे. आम्हांस हे म्हणणे मान्य नाही. उदगीरच्या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूने तोफखाना चालविणारा इब्राहिमखान गारदी हा बुसीच्याच कवायतीत तयार झालेला होता. एक चाकरी संपली तेव्हा त्याने दुसरी धरली, आणि ती मात्र अखेरपर्यंत निभावली. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर तो शेवटपर्यंत लढला, शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. उलट १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो वाड्याच्या रक्षणासाठी ठेवलेल्या गारद्यांच्याच हातून. एकाच नावाचे, एकाच धंद्याचे हे लोक. तेव्हा इमान असणे वा नसणे हा गारदीपणाचा गुण नव्हे. हुकूम कोणाच्या हाती आहे, आणि हुकूम देणारा व मीठ देणारा एकच आहे की निराळा, यावर पुष्कळ अवलंबून असते.

फ्रेंचांच्या जागी इंग्रज आले आणि तीच व्यवस्था अधिक पक्की झाली. १७९८ व १८०० च्या तहांनी निजामाने कंपनीची तैनाती फौज कायमची पत्करली आणि तिच्या खर्चासाठी टिपूकडून मिळालेला कडप्पा-बल्लारीकडील मुलूख कंपनीस तोडून दिला. शिवाय युद्धप्रसंगी ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ आपण पुरवू, असे वचन दिले. या वचनाच्या पोटी पुढे आणखी एक फौज जन्मास आली: निजामाच्या खजिन्यातून पगार घेणारी, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकमातील 'हैदराबाद कंटिंजंट'. औरंगाबाद, जालना, हिंगोली, एलिचपूर, लिंगसूर आणि योगेश्वरीच्या अंबाजोगाईस, म्हणजे त्या काळच्या मोमिनाबादेस, तिच्या छावण्या पडल्या. खर्च झेपेना, कर्ज वाढत गेले, आणि १८५३ च्या मे महिन्यात त्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा भाग इंग्रजांच्या हवाली करावा लागला. ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि ४ तोफखाने निजामाच्या कामासाठी ठेवावयाचे, असा करार झाला. १८६० साली रायचूर व नळदुर्ग परत मिळाले. परंतु वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागावयाचा नाही, ही अटही त्याच वेळी घातली गेली.

या अटीपाशी आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंती करतो. दान घेतले, त्याचे प्रयोजन कागदावर लिहिले, आणि वर दात्याने हिशेब विचारू नये असे ठरविले. असा पंच एखाद्या देवस्थानावर बसला तर गावकरी त्यास किती दिवस बसू देतील? त्यातही निजाम हा खरा दाता नव्हताच. खरा दाता वऱ्हाडातील कापूस-जोंधळा पिकविणारा कुणबी होता, आणि त्यास तर कोणत्याच तहात कोणी काहीच विचारले नव्हते. दोन धन्यांनी तिसऱ्याच्या डोक्यावरून केलेला हा व्यवहार होता.

१८५७ च्या जून महिन्यात या व्यवहाराची कसोटी लागली. औरंगाबादेस आलेल्या कंटिंजंटच्या घोडदळात कुजबुज सुरू झाली की, आपणांस दिल्लीच्या बादशहावर चालवून नेणार आहेत. दख्खनच्या बाहेर आम्ही जाणार नाही, बादशहाविरुद्ध शस्त्र धरणार नाही, असे स्वारांनी बोलून दाखविले. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली. काही स्वार पळाले, जे सापडले त्यांतील कित्येकांस फाशी देण्यात आले, कित्येकांस तोफेच्या तोंडी दिले. इंग्रजी कागदांत या प्रकारास बंड म्हटले आहे, आणि लष्करी कायद्याच्या भाषेत ते होतेही. परंतु त्या स्वारांच्या तोंडचा मुद्दा साधा होता: आमची भरती कशासाठी झाली? ज्या करारावर आमचा पगार निघतो, त्या करारात दिल्ली कोठे आहे?

दुसऱ्याच वर्षी उरलेल्या कंटिंजंटने सर ह्यू रोजच्या सैन्यात मिळून मध्य हिंदुस्थानात मोहीम केली. १८५८ च्या मार्च-एप्रिलात झाशीस वेढा पडला तेव्हा या पलटणी तेथे होत्या. निजामाच्या रक्षणासाठी वऱ्हाडच्या मराठी कुणब्याने भरलेला पैसा मराठी राणीचे शहर घेण्याच्या कामी आला. कुणब्यास हे कळलेही नसेल.

कोकणी वाचकांस याचेच दुसरे रूप गोव्याच्या इतिहासात आढळेल. १८९५ साली मोझांबिकमध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठाव चालू होता. तो मोडण्यासाठी गोव्यातील मराठा शिपायांना आफ्रिकेस जाण्याचा हुकूम सुटला. शिपाई गोव्याच्या बंदोबस्तासाठी ठेवलेले. त्यांना पगाराची, मागे राहणाऱ्या बायकामुलांची आणि समुद्रप्रवासाने धर्म बुडण्याची चिंता होती. सप्टेंबरात ते बिथरले आणि सत्तरीतील नाणूसच्या किल्ल्याकडे गेले. दादा राणे व त्यांचे लोक त्यांस मिळाले. हा उठाव शमविण्यासाठी पोर्तुगालहून राजाचा भाऊ फौज घेऊन आला. विपर्यास असा की, गोव्याची फौज आफ्रिकेस नेता आली नाही, म्हणून युरोपची फौज गोव्यास आणावी लागली.

समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो, हे आज आम्ही कोणीच मानीत नाही. आमच्याच समाजाची मुले आफ्रिकेत आणि अरबस्तानात जाऊन मानाने राहिली आहेत. तेवढ्यावरून त्या शिपायांना अडाणी ठरविणे मात्र योग्य होणार नाही. त्यांच्या धर्मभीतीच्या आड एक निखळ न्यायाचा प्रश्न होता, तो असा की, मोझांबिकच्या लोकांनी आमचे काय बिघडविले आहे? या प्रकरणातील चौथा पक्ष तोच. ज्याच्यावर फौज जाते त्याचाही एक गाव असतो. गोमंतकीय शिपायास स्वतःच्या गावात परक्याची सत्ता सहन करावी लागत होती. तीच सत्ता दुसऱ्याच्या गावात टिकविण्यासाठी त्याने मरावे, असा तो हुकूम होता.

साम्राज्याच्या राजधानीतही ही गोष्ट कोणास कळत नव्हती असे नाही. १८६७ साली हबशांच्या देशावरील मोहिमेसाठी मुंबईहून सैन्य पाठविण्यात आले आणि त्याचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवरच ठेवला गेला. तेव्हा पुढे पंतप्रधान झालेले लॉर्ड सॉल्सबरी यांनी पार्लमेंटात स्पष्ट सांगितले की, हिंदुस्थान म्हणजे पूर्वसमुद्रातील फुकटची बराक समजण्याची वृत्ती आपणांस पसंत नाही. तरीही ती वृत्ती राहिली. १८९७ साली नामदार गोखले यांनी वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली, तीत लष्करी खर्चाचा हा अन्याय मांडला होता.

१९०२ साली वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने गेले आणि कंटिंजंट नावाने उरली नाही. तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळल्या. तिच्या घोडदळातून झालेली 'डेक्कन हॉर्स' १९१६ च्या जुलैत फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर लढली. त्याच वर्षी २९ एप्रिल रोजी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा पडले. तेथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर शरण गेलेल्या सुमारे १३,००० लोकांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणींतील शिपाई होते. हिंगोलीच्या छावणीचा खर्च ज्या संकल्पाने सुरू झाला, त्याचा फ्रान्सशी संबंध जोडणे कोणत्याही विश्वस्तास शक्य झाले नसते. हा प्रवास मात्र एकेका पावलाने झाला, आणि प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी अपरिहार्यच म्हणून सांगितले गेले.

आता शिपायाच्या धर्माकडे वळू. आपल्या भाषेत 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा मोठा सद्गुण मानला आहे, आणि तो आहेच. परंतु महाभारतकारांनी या सद्गुणाची एक अवघड बाजू शल्याच्या कथेत दाखविली आहे. मद्रराज शल्य पांडवांच्या मदतीस निघाला होता. वाटेत ठिकठिकाणी त्याचे उत्तम आतिथ्य झाले. ते युधिष्ठिराकडूनच होत आहे, अशा समजुतीने तो संतुष्ट झाला आणि वर देऊन बसला. मग दुर्योधन पुढे आला. अन्न त्याचे होते. शल्य वचनाने बांधला गेला आणि आपल्या भाच्यांविरुद्ध उभा राहिला. भीष्मद्रोणांनी निदान जाणूनबुजून अन्न घेतले होते. शल्याने कोणाचे घेतले हे त्याला ठाऊकच नव्हते. परसत्तेच्या काळातील आपल्या शिपायाची स्थिती शल्यासारखी होती, फक्त उलट बाजूने. त्याला वाटे की आपण सरकारचे मीठ खातो. वास्तविक सरकारने ते मीठ त्याच्याच बापाच्या शेतातून उचललेले असे. वाढणाऱ्याच्या हातालाच तो अन्नदाता समजला, आणि पिकविणाऱ्याचे नाव त्यास कोणी सांगितले नाही.

म्हणून आम्ही कुतला वा फ्रान्समध्ये पडलेल्या शिपायास दोष देत नाही. त्याने दिलेला शब्द पाळला, सोबत्यास सोडले नाही, आणि त्याचे शौर्य हे शौर्यच आहे. औरंगाबादेस वा नाणूसला ज्यांनी 'नाही' म्हटले त्यांसही आम्ही निमकहराम म्हणणार नाही. मीठ कोणाचे, हा प्रश्न त्यांनी विचारला. तो विचारणे हे मिठाला जागण्याचेच एक अंग आहे. दोष आहे तो दुसऱ्याच्या संकल्पाचे धन स्वतःच्या संकल्पाला लावून वर हिशेब न देणाऱ्याचा. आणि त्याच्या खालोखाल, आपल्या रयतेच्या रक्षणाचा भार परक्यावर टाकून निश्चिंत झालेल्या धन्याचा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. घराचे रक्षण नेहमी उंबरठ्यावरच करावे लागते असे नाही. वणवा शेजारच्या डोंगरावर असतानाच विझवावा लागतो. फौज जिथल्या तिथे बांधून ठेवणे हे कृपणाच्या धनासारखे होईल. आम्हांस हे मान्य आहे. १९६१ च्या ५ डिसेंबरला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया संयुक्त राष्ट्रांच्या कामगिरीवर आफ्रिकेतील काँगोमध्ये धारातीर्थी पडले, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. दूरचे कर्तव्य आणि घरचे कर्तव्य एकाच महिन्यात पार पडले. त्यांत विरोध नव्हता. दूर जाणे हे पाप नव्हे. ज्याचे मीठ त्यास न विचारता, त्याचा उंबरठा उघडा टाकून, त्याचे ज्यांच्याशी वैर नाही त्यांच्यावर जाणे, हे पाप होय. संमती, हिशेब आणि न्याय्य कारण या तीन कसोट्यांस जी मोहीम उतरते, ती कितीही लांबची असली तरी संकल्पभंग ठरत नाही.

उंबरठा उघडा पडण्याची गोष्ट बीदर जिल्ह्याने पुढेही पाहिली. दीडशे वर्षे ज्या रयतेने तैनाती, कंटिंजंट आणि संस्थानची स्वतःची अशा फौजांचा भार वाहिला, तिच्या दारी १९४८ साली कोणतीच फौज रक्षणास नव्हती. मे महिन्यात गोरटा गावी रझाकारांनी माणसे मारली. सप्टेंबरात १३ ते १७ तारखांच्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात आले; पण त्यानंतरच्या दिवसांत याच भागात निरपराध मुसलमान रयतेवर अत्याचार झाले, आणि तिलाही त्या वेळी वेळेवर त्राता मिळाला नाही. सारा दोघांनीही भरला होता. ही दोन्ही दुःखे एकाच दमात सांगण्याची तयारी नसेल, तर रक्षणाचा धर्म आपणांस कळला असे आम्ही म्हणणार नाही.

आज रेसिडेंट नाही, निजाम नाही, पाँडिचेरीचा गव्हर्नर नाही. मीठ आपले आणि हुकूमही, आपण निवडून दिलेल्यांच्या द्वारे, आपलाच. त्यामुळे प्रश्न संपला असे वाटते. वस्तुतः तो आता आपल्या अंगावर आला आहे. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना श्रीलंकेत होती. सुमारे १,२०० जवान तेथे पडले, आणि ते कशासाठी पडले याची चर्चा देशात पुरेशी झाली असे आम्हांस वाटत नाही. परक्यांनी हिशेब मागू दिला नाही, हे आपले जुने दुःख आहे. मागण्याचा अधिकार असून तो न मागणे यास दुसरे नाव द्यावे लागेल.

देवस्थानच्या वार्षिक सभेत तेलाचा खर्च थोडा अधिक दिसला तर कोणी ना कोणी उठून विचारतो, आणि त्याच्या विचारण्यात कोणास देवद्रोह वाटत नाही. आपल्या नावाने ज्या पलटणी उभ्या आहेत त्यांच्याविषयीही तसेच विचारावे. त्या कोठे जातात, कोणावर जातात, आणि गेल्यावर घरचे काय होते, हे विचारणाऱ्यास देशद्रोही म्हणू नये. आणि जे जातात त्यांस निघण्यापूर्वी स्पष्ट सांगता आले पाहिजे की, हे मीठ आमचे आहे, आणि हे काम आम्ही जाणून तुमच्यावर सोपविले आहे.